करंज

कुपवाड एमआयडीसीत, हळदीचा अर्क काढणाऱ्या कारखान्यात
मला बोलावलं ते अर्ध्या अंशासाठी.
बासष्टला धरायचं, पॅनेलवर बासष्टच दिसतंय,
तरी दुपारच्या लॉटचे स्फटिक पिठासारखे उतरतात.
सकाळचे ठीक. रात्रीचेही.
शिराळकर साहेब म्हणाले, कंट्रोलर बदलून टाका.
मी म्हटलं, आधी बघते.

माझ्या पेटीत स्पंजात निजलेला थर्मामीटर असतो,
आत प्लॅटिनमची तार, धक्का लागला की वर्षभराचं प्रमाणपत्र वाया.
एसटीत मी पेटी मांडीवर घेते.
कंडक्टर विचारतो, बाळ आहे का आत?
आजवर कुणी अर्धं तिकीट मागितलेलं नाही.

दहा वाजता तो रिॲक्टरच्या खोबणीत सोडला
आणि स्टूल ओढून बसले.
लोकांना वाटतं, यंत्र तापमान धरून ठेवतं.
यंत्र सारखं चुकत असतं.
केसभर वर, केसभर खाली,
आणि चूक नजरेत भरायच्या आत मागे वळतं.
अकरा. बारा. एक.
बासष्ट पूर्णांक शून्य एक, शून्य दोन, पुन्हा शून्य एक.
वहीत आकडे, आकड्यांवर पिवळी बोटं.
इथं सगळंच पिवळं होतं,
चहाच्या कपाचा कानसुद्धा.

ऑपरेटर बाबगोंडा, हरिपूरचे, निवृत्तीला सात महिने.
भडंगाचा कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाले,
"आमचा बा पेवात उतरायचा, नदाफ मॅडम.
वर वैशाख पेटलेला, खाली हळद गार.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
इझला, तर माणूस सोडायचा न्हाई.
त्येला कुठं डिस्प्ले हुता?"
मग पुराचं पाणी आलं, पेवं बसली,
आणि पुढचं ते बोलले नाहीत.

तीन वाजून दहा.
पॅनेल म्हणतं, बासष्ट.
माझा थर्मामीटर म्हणतो, बासष्ट पूर्णांक सहा.
पॅनेलचा चेहरा हिरवा, शांत.
त्याला जे कळवलं जात होतं
त्यावर तो प्रामाणिकपणे वागत होता.

मी वायर धरून निघाले.
ट्रेवरून, भिंतीतल्या भोकातून, बाहेर, पश्चिमेला.
तिथं एक पत्र्याची डबी.
हात ठेवला, आणि चटका बसून काढला.
थर्मोकपलला तापमान कळतच नाही, कळतो तो फरक,
एका टोकाचा दुसऱ्या टोकाशी.
गार राहायचं ते टोक उन्हात भाजत होतं,
फरक कमी पडत होता,
आणि आत बिचारा हीटर भर घालत होता.

"हे कधीपासून?"
"फेब्रुवारीपास्नं."
"फेब्रुवारीत काय झालं?"
बाबगोंडा खाली बघत राहिले.
पायाशी बुंधा, ताजी वलयं, वर डांबराचे शिंतोडे.
"करंज हुता. टँकर वळत न्हवता म्हणून काढला.
एकोणीस वर्सं बाटलीतलं उरलेलं पाणी त्येलाच घातलं."

नकाशा पसरून पाहिला.
प्रत्येक पंपाला नंबर, प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर,
पाण्याच्या टाकीच्या शिडीलासुद्धा.
झाड कुठेच नव्हतं.
एकोणीस वर्षं रोज तीन वाजता
ते आपली सावली डबीवर आणून ठेवत होतं,
आणि कुणी त्याचं कॅलिब्रेशन मागितलं नव्हतं.

बाबगोंडांनी पोतं भिजवून डबीवर टाकलं.
चार वाजता बासष्ट पूर्णांक शून्य चार.
अहवालात मी लिहिलं: जंक्शन बॉक्सवर थेट ऊन.
उपाय: पत्र्याचं छप्पर, हवा खेळेल असं.
खर्च बाराशे. साहेब खूश.

पेटी बंद करताना बाबगोंडांनी माझं पेन मागितलं.
नकाशावर, पश्चिमेच्या भिंतीबाहेर,
एक वाकडंतिकडं वर्तुळ काढलं.
बुंध्याच्या कडेला बोटभर धुमारा फुटलाय,
त्याभोवती चार विटा त्यांनी कधीच लावल्यात.
"मॅडम, हितं सेटपॉइंट काय लिवू?"

माझी सव्वापाचची गाडी होती.
पेन त्यांच्याकडेच राहिलं.